चौऱ्याऐंशीव्या पानावरचा एप्रन

एमिल व्रोनाशी मी पहिल्यांदा बोलले ते वैतागूनच. मी विचारलं, "माफ करा, कुणाच्या स्कर्टवर?"

खरं तर त्या दिवशी मी तिथं असायलाच नको होते. ऑफिसातल्या बर्निसची अक्कलदाढ काढायची होती, म्हणून तिचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही जबान्या नोंदवतो. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तरं देतो आणि आम्ही मधे बसून स्टेनो मशीनवर प्रत्येक शब्द पकडतो. मशीनमधून कागदाची अरुंद पट्टी निघते. तिच्यावर शब्द नसतात, नुसते आवाज असतात. ते आवाज वाचून मग आम्ही पानं टाइप करतो. सहा वर्षांत माझ्या पानावर एक चूक निघाली नव्हती. मिस्टर लुबिन, आमचे मालक, नव्या गिऱ्हाइकाला माझं नाव सांगायचे ते असं — "आणि ही मिस रिम्कस. हिला चूक कशी करतात ते माहीत नाही."

सत्याहत्तर सालचा फेब्रुवारी. शिकागो नदी थिजून पांढरी झालेली, आणि चौदाव्या मजल्यावर रेडिएटर इतका तापलेला की वकिलांनी कोट काढून ठेवलेले. दावा होता पिनबॉलची, म्हणजे काचेखाली लोखंडी चेंडू उडवत खेळायची, यंत्रं बनवणाऱ्या दोन कंपन्यांमधला. चेंडू हातचा जाऊ नये म्हणून शेवटच्या क्षणी आडवं येणारं एक छोटं फाटक लेकव्ह्यू कंपनीनं बाजारात आणलं होतं. क्रॉफर्ड कंपनीचं म्हणणं, हे फाटक आमच्या प्रयोगशाळेतून चोरलं. आणि चोर कोण? तर क्रॉफर्ड सोडून लेकव्ह्यूत गेलेला मेकॅनिक, एमिल व्रोना.

चोर माझ्यासमोर बसला. तिशीतला, थंडीनं लाल झालेले कान, कानामागं विसरलेली पेन्सिल. क्रॉफर्डचे वकील मिस्टर बॅरट म्हणाले, "चेंडू सुटल्यावर काय काय होतं ते सांगा." आणि चोरानं जे तोंड उघडलं...

"चेंडू वरच्या गल्लीतून येतो, बंपरच्या स्कर्टवर पडला की बंपर त्याला उडवतो, तिथून तो गोफणीत, गोफण फेकते बशीत, बशी त्याला थुंकते, थुंकलेला फाटकातून गेला तर ठीक, नाहीतर बाहेरची गल्ली आणि तिथून सरळ मोरीत!"

माझी बोटं थांबली. मी सहसा कुणाला थांबवत नाही.

"माफ करा, कुणाच्या स्कर्टवर?"

दोन्ही वकील खो-खो हसले. तो मात्र हसला नाही. माझ्याकडं वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "बंपरच्या, मॅडम. प्रत्येक बंपरला स्कर्ट असतो."

"आणि गोफण एक की दोन?"

"दोन. डावी, उजवी. पण आमच्या कारखान्यातल्या बायका तिला लाथ म्हणतात. खरी लाथ वेगळी. खरी लाथ बशीत असते."

"बशीत लाथ," मी म्हणाले.

"बरोब्बर!" त्याला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

चार तास. चार तास तो माणूस पाण्यासारखा बोलला. मिस्टर बॅरट त्याचं वाक्य तोडायचे, तो त्यांचं तोडायचा, दोघं एकदम बोलायचे आणि माझी बोटं दोघांमागं धावायची. घरी जाऊन मी डोक्याला ओला रुमाल बांधून पडले. आई म्हणाली, "कोण मेलं?" मी म्हणाले, "अजून कुणी नाही."

---

साक्षीदारानं टाइप झालेली जबानी वाचून सही करायची असते. काही बदल हवा असेल तर वेगळ्या कागदावर पान, ओळ, बदल आणि बदलाचं कारण लिहायचं. लोक दोन-तीन बदल करतात. बहुतेक जण एकही नाही.

पुढच्या गुरुवारी एमिल व्रोना आमच्या ऑफिसात एक्केचाळीस बदल घेऊन आला.

"पान अकरा, ओळ तीन," तो माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून म्हणाला. "इथं नुसतं 'गल्ली' आहे. 'आतली गल्ली' करा."

"तुम्ही नुसतं 'गल्ली' म्हणालात."

"म्हणालो. पण मला आतली म्हणायचं होतं."

"मिस्टर व्रोना, तुम्ही म्हणालात ते मी लिहिलं. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते लिहिणं माझं काम नाही."

"पण फरक मोठा आहे हो! आतल्या गल्लीतला चेंडू परत येतो. बाहेरच्या गल्लीतला गेला तो गेलाच. उद्या कुणी वाचलं तर त्याला वाटेल की मला माझंच काम कळत नाही."

त्याच्या आवाजात अशी काही कळकळ होती की मी पुढचं पान उलटलं. कारणांच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं — 'आठवलं.' पुढं, 'पुन्हा आठवलं.' पान साठनंतर, 'आता नीट आठवलं.'

"ही कारणं नाहीत," मी म्हणाले.

"मग काय लिहू?"

"लिहा... लिहा काय हवं ते!"

तो शेवटच्या पानापर्यंत आला. तिथं माझं प्रतिज्ञापत्र असतं, दर जबानीला तेच. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. "'मला या दाव्याशी किंवा यातल्या कुणाशीही काहीही देणंघेणं नाही.' हे दर वेळी लिहिता?"

"दर वेळी."

"सगळ्यांबद्दल?"

"सगळ्यांबद्दल."

"अच्छा..." त्यानं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "मग ठीक आहे. मला वाटलं, खास माझ्यासाठी लिहिलंय."

मला हसू आलं आणि मी ते खोकल्यात घालवलं. सही करून तो निघाला. दारात थांबला.

"एक विचारू? ही गोफण, बशी, स्कर्ट... यातलं तुम्हाला खरंच काही दिसलं का? डोळ्यांसमोर?"

"काही नाही," मी कबूल केलं. आणि तेच मला चार दिवस खात होतं. अर्धवट कळलेला शब्द मला झोपू देत नाही.

"शनिवारी दुपारी आर्चर अव्हेन्यूवरच्या बॉलिंगच्या हॉलमध्ये या. वीस मिनिटांत सगळं दाखवतो."

"मी साक्षीदारांबरोबर कुठं जात नाही, मिस्टर व्रोना."

"सही झाली की. आता मी साक्षीदार कुठं?"

यात काहीतरी चुकत होतं. पण नेमकं काय चुकतंय ते मला सांगता येईना, म्हणून आणखी चिडले... आणि शनिवारी गेले.

---

शहरातली पिनबॉलवरची बंदी नुकतीच उठली होती. माझ्या आईच्या लेखी तो अजून जुगारच होता, म्हणून घरी सांगितलं की बर्निसकडं जाते. हॉलमध्ये लाकडाला लावलेल्या मेणाचा आणि परतलेल्या कांद्याचा वास भरून राहिलेला. एका कोपऱ्यात ते यंत्र लुकलुकत उभं होतं आणि त्याच्या शेजारी एमिल, दोन्ही हात कोटाच्या खिशात, केस पाण्यानं बसवलेले. केस बसलेले नव्हते.

"हात खिशात का?" मी विचारलं.

"मोकळे ठेवले तर मीच खेळायला लागेन."

मी दांडी ओढली, सोडली. चेंडू वर गेला, आणि तो सांगत गेला. हा बंपर. त्याच्याभोवतीची ही पांढरी चकती, चेंडूच्या वजनानं जरा कलते, तो स्कर्ट. ही गोफण — तीन खांबांवर ताणलेलं रबर! बघा, बघा, बशी... बशीनं खरोखरच चेंडू क्षणभर धरून ठेवला आणि थुंकला. मी ओरडलेच. चार तास नुसते आवाज म्हणून टिपलेले शब्द काचेखाली धावत होते, आदळत होते, पेटत होते.

"आणि हा खालचा पत्रा?"

"एप्रन. त्याच्याखाली मोरी लपलेली असते."

"झालं! वर स्कर्ट, खाली एप्रन. हे यंत्र आहे की माझी ओना मावशी?"

तो हसला. चेंडू मोरीत गेला. मी पुन्हा दांडी ओढली आणि या खेपेला बटणं अशी दाबून धरली की बोटं पांढरी पडली.

"असं नाही... टिचकी. दाबून धरलं की चेंडू टोलवणारी पाती थकतात." त्यानं खिशातून एक हात काढला, आणि त्याच्या बोटानं माझ्या बोटाला हलकीच टिचकी मारली. एकदाच. मग हात परत खिशात गेला. तो माणूस एवढ्यावरच थांबला म्हणून त्याचे आभार मानावेत की त्याला झिंज्या धरून हलवावं, तेच मला कळेना.

मी चिडून यंत्राला कंबरेनं धक्का दिला. सगळे दिवे विझले.

"रुसलं," एमिल म्हणाला. "फार हलवलं की रुसतं."

"मी काही केलं नाही."

"तेही तेच म्हणतंय."

चौथ्या चेंडूला कुठून कसे कोण जाणे, माझे आकडे वाढत गेले, आणि यंत्राच्या पोटातून पिस्तूल झाडावं तसा 'ठाक्!' असा आवाज आला. मी त्याची बाही पकडली.

"घाबरू नका. ती हातोडी. एक डाव फुकट मिळाला, ते सांगते."

फुकटचा डाव मी खेळले. बाही मात्र सोडायची राहिली. ती मी सोडायला हवी होती, हे मला घरी जाताना बसमध्ये आठवलं.

पुढचा शनिवार. त्याच्या पुढचा. मिस्टर व्रोनाचा एमिल झाला आणि मिस रिम्कसची अल्दोना. तो माझ्या प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं द्यायचा आणि मग म्हणायचा, "नाही, थांब, पहिलंच बरोबर होतं." मी वैतागायचे. सोमवारपासून शनिवारची वाट बघायचे आणि त्यावरही वैतागायचे.

---

मार्चच्या अखेरीस तो भर दुपारी ऑफिसात आला. चेहरा राखेसारखा. बसला नाही.

"पान चौऱ्याऐंशी, ओळ बारा," तो म्हणाला.

मी माझी प्रत काढली. मिस्टर बॅरट यांचा प्रश्न: 'क्रॉफर्ड सोडताना तुम्ही बरोबर काय नेलंत?' उत्तर: 'काही नाही. फक्त एप्रन.'

"मग?" मी म्हणाले... आणि म्हणता म्हणता मला कळलं.

"फाटकाचा पहिला नमुना क्रॉफर्डच्या एका एप्रनच्या मागं बसवलेला होता. पत्र्याच्या एप्रनच्या," एमिल म्हणाला. "तो एप्रन गोदामातून गायब आहे. बॅरट म्हणतात, चोरानं आपल्या तोंडानं कबूल केलंय. माझा मालक म्हणतो, तडजोड करून मोकळे होऊ आणि तुला काढून टाकू. अल्दोना, या धंद्यातले सगळे कारखाने या एका शहरात आहेत. इथं चोर ठरलो तर कुठं जाऊ?"

"तू कुठला एप्रन नेलास?"

"अंगावरचा! कापडाचा! कामाला लागलो तेव्हा आईनं शिवून दिलेला, गादीच्या जाड कापडाचा. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. तो काय मी तिथं खुंटीवर टाकून येणार होतो? आमच्या वकिलाला दाखवलासुद्धा. तो म्हणाला, असा एप्रन कुणीही काल शिवून घेईल."

आणि मी, जिनं त्याला धीर द्यायला हवा होता, ती उभी राहून ओरडले, "एक्केचाळीस दुरुस्त्या केल्यास तू! गल्ली आतली की बाहेरची यावर माझी अर्धी दुपार खाल्लीस! आणि ही एक ओळ तुला दिसली नाही?"

"दिसली ना," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तिथं मी कापडाचा म्हणतोय हे मला माहीत होतं. मग त्यात दुरुस्त काय करायचं?"

मी त्याला घालवून दिलं, जुन्या पट्ट्यांचे डबे ठेवायच्या खोलीत गेले आणि त्या दिवसाची पट्टी काढली.

चौऱ्याऐंशीव्या पानाची जागा सापडायला तासभर लागला. 'काही नाही. फक्त एप्रन.' आणि त्यानंतर आवाजांचा एक गुंता होता. दोघं एकदम बोलले होते. मिस्टर बॅरट म्हणत होते, 'ठीक आहे, पुढं जाऊ,' तेवढं मी टाइप केलं होतं. उरलेले ठसे बोट घसरलं म्हणून सोडून दिले होते. आता मी ते एकेक करून वाचले. पुन्हा वाचले.

'आईनं शिवलेला.'

तो म्हणाला होता. माझ्या बोटांनी ऐकलंही होतं. मीच ते गाळलं होतं.

---

मिस्टर लुबिन यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अल्दोना, नीट ऐक. सहा वर्षांत पहिली चूक, आणि तिची दुरुस्ती नेमकी या माणसाच्या फायद्याची. तू त्याला ऑफिसबाहेर भेटलीयेस?"

"तीन शनिवार. नाही, चार."

"अरे देवा. बॅरट तुला उभी चिरतील. म्हणतील, प्रियकरासाठी पट्टीत शब्द घुसवला. तुझं काम जाईल, माझी गिऱ्हाइकं जातील आणि त्या बिचाऱ्याचंही काही भलं होणार नाही. गप्प बस. त्याचा वकील बघून घेईल."

"पट्टी मला वाचायला देऊच नका," मी म्हणाले. "बर्निसला द्या. तिला काही सांगू नका."

बर्निसला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती गालातल्या गालात पेपरमिंट घोळवत बसली आणि पट्टी वाचायला लागली. "'काही नाही. फक्त एप्रन.' मग दोघं बोलतायत, कसले मेले... 'ठीक आहे, पुढं जाऊ'... आणि दुसरा म्हणतो, 'आईनं' — काहीतरी — 'शिवलेला'. आईनं शिवलेला. का गं? कुणाची आई?"

मिस्टर लुबिन यांनी चष्मा पुन्हा चढवला. "लिही," ते म्हणाले. "पण सगळं लिही."

मी सगळं लिहिलं. चूक कशी झाली, कधी सापडली, आणि साक्षीदाराला मी कोणत्या तारखांना कुठं भेटले. मग एमिलला फोन केला.

"निकाल लागेपर्यंत मला फोन करायचा नाही. यायचं नाही. बॉलिंगच्या हॉललाही जायचं नाही."

"एकट्यानंसुद्धा नाही?"

"एमिल!"

"किती दिवस पण?"

"मला काय माहीत! तुझ्यामुळं मला सगळं शहर हसणार, मला जबान्यांवर पाठवणार नाहीत, मी दिवसभर बर्निसच्या जबान्यांची पानं जुळवत बसणार—" माझा आवाज फुटला. पलीकडं तो गप्प होता. एमिल व्रोना गप्प होता! मी फोन ठेवून दिला.

---

मे महिन्यात न्यायाधीशांनी मला बोलावलं. एमिलला बाहेर थांबवलं होतं. ज्या खुर्चीकडं मी सहा वर्षं बाजूनं बघत आले, त्या खुर्चीत मी बसले. माझे शब्द टिपायला एक अनोळखी मुलगी होती. तिची बोटं तयार बघून मला पहिल्यांदा कळलं की साक्षीदारांचा घसा का कोरडा पडतो.

मिस्टर बॅरट यांनी माझं प्रतिज्ञापत्र हातात धरलं. "'मला या दाव्याशी किंवा यातल्या कुणाशीही काहीही देणंघेणं नाही.' ही सही तुमची?"

"माझीच."

"हे खरं होतं?"

"सही केली तो गुरुवार होता. गुरुवारी खरं होतं."

"आणि नंतर?"

"शनिवारी दुपारपासून नाही."

कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं.

"मिस रिम्कस, सरळ विचारतो. तुमचं या माणसावर प्रेम आहे?"

हे मी एमिलला सांगितलेलं नव्हतं. स्वतःलाही धडपणे सांगितलेलं नव्हतं. समोरच्या मुलीची बोटं वाट बघत होती. आणि मला इतका संताप आला... बॅरटचा, त्या रुसक्या यंत्राचा, पेन्सिल विसरणाऱ्या त्या कानांचा.

"हो," मी म्हणाले. "आहे. आणि मला ते अजिबात सोयीचं नाही. तो एका प्रश्नाला तीन उत्तरं देतो. माझ्या कामात त्याच्याइतका वैताग मला कुणी आणलेला नाही. मला खोटंच लिहायचं असतं तर ते मी पहिल्याच दिवशी लिहिलं असतं, नाही का? नाव खराब करून, काम घालवून, दोन महिन्यांनी कशाला लिहू? चूक माझी होती. पट्टी तीच आहे. ती मला वाचायला सांगू नका. ज्याला वाचता येतं त्या कुणालाही बोलवा."

न्यायाधीशांनी टिपणाऱ्या त्या मुलीलाच बोलावलं. ती उठली, पट्टी खिडकीशी नेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"'आईनं शिवलेला'," ती म्हणाली. "मलाही पहिल्यांदा बोट घसरल्यासारखंच वाटलं असतं, सर."

जूनच्या पहिल्या आठवड्यात एमिलवरचा चोरीचा आरोप फेटाळला गेला.

---

मी फोनपाशी बसले. पहिला दिवस. दुसरा. एक आठवडा. माझी साक्ष दोन्ही बाजूंच्या वकिलांकडं टाइप होऊन गेली होती. त्यानं ती वाचली असणारच. प्रत्येक 'हो', प्रत्येक 'आहे'. दोन आठवडे. तीन. आईनं विचारलं, "फोनला काय झालंय? सारखा उचलून ठेवतेस." मी म्हणाले, "चालू आहे का बघते." चालू होता.

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी माझी सहनशक्ती संपली. मिस्टर लुबिनना सांगून मी अर्धा दिवस सुटी घेतली आणि दोन बस बदलून लेकव्ह्यूच्या कारखान्यावर गेले. जेवणाची सुटी होती. वायरी जोडणाऱ्या बायका भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. पोलिश, मेक्सिकन, ग्रीक, बारा भाषांची कलकल. मी विचारलं, "एमिल व्रोना कुठंय?" आणि सगळ्या माना एकदम माझ्याकडं वळल्या.

"ही ती कोर्टातली," एक जाडजूड बाई म्हणाली. "एमिल! ए एमिल! बाहेर ये, तुझी साक्ष आली!"

तो धावत आला. मला बघून जागच्या जागी उभा राहिला. मग चक्क दोन पावलं मागं सरकला.

"तू इथं यायला नको होतंस," तो म्हणाला.

"काय?"

"अल्दोना, अपील करायला त्यांना तीस दिवसांची मुदत आहे. आज तिसावा, शेवटचा दिवस. वकील म्हणाला, तोपर्यंत कुणी आपल्याला एकत्र बघितलं तर ते म्हणतील, आधीपासूनच ठरलं होतं. मग तुझा शब्द खोटा पडेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे... पण तुझा शब्द—" त्यानं कॅलेंडरचं एक चुरगळलेलं पान खिशातून काढलं. एकेका चौकोनावर पेन्सिलीची फुली. शेवटची फुली कालची होती. "रोज फोनपर्यंत जातो आणि परत येतो. विचार यांना."

"खरंय," जाडजूड बाई तोंडात घास ठेवून म्हणाली. "यंत्रं तशीच पडलीत."

मला इतका राग आला की डोळे भरले. चार आठवडे! आणि एका दिवसासाठी मीच सगळं घालवायला निघाले होते.

"म्हणजे उद्या," मी म्हणाले.

"उद्या."

"मग मी गेले. मी आलेच नव्हते. तुम्ही कुणी मला पाहिलं नाही," मी बायकांना सांगितलं.

"कुणाला?" त्या सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत हसत राहिल्या.

शनिवारी सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना आमची बेल वाजली. मी स्वयंपाकघरात होते. ओव्हनमध्ये भाजायच्या कुगेलिससाठी बटाटे किसत होते. कोपरापर्यंत हात बरबटलेले, केस रुमालात. आईनं दार उघडलं.

"कोण पाहिजे?"

"मी एमिल व्रोना," बाहेरून आवाज आला. "म्हणजे मला अल्दोना पाहिजे. म्हणजे तशी पाहिजे असं नाही, म्हणजे पाहिजेच, पण आधी तुम्हाला नमस्कार. म्हणजे—"

"आत ये," आई म्हणाली. "दाराशी थंडी नाही, पण शेजारी आहेत."

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. कानामागं पेन्सिल नव्हती. रात्रभर काहीतरी पाठ केलं असावं, असा चेहरा होता आणि ते सगळं विसरला असावा, असाही. मी किसणी खाली ठेवली.

"तू कोर्टात म्हणालीस," तो म्हणाला. मग थांबला. श्वास घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू, एकेक शब्द वेगळा करून बोलला. "माझंही. तुझ्यावर. प्रेम. आहे."

मागं आईनं चहाचं भांडं गॅसवर ठेवायचं थांबवलं.

"पुन्हा सांग," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. पुन्हा सांग."